ज्यूमधला ‘य’

“काका, य राहिला. जू बैलाच्या मानेवर असतं.”

कॉर्कला शिकणारा तो पुण्याचा पोरगा स्क्रीनवर हसला. त्याच्यामागून सगळे चौकोन हसले. मी चॅटमध्ये एवढंच लिहून विचारलं होतं, “आम्हा जू लोकांबद्दल असं का लिहिलंय?” चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी. लॅपटॉपवर बोटं धड पडत नाहीत.

हिला जाऊन महिनाही झाला नव्हता. मी लेकीकडे, इथे परदेशात, ॲडम्सटाउनात. बाहेर लॉकडाऊन. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय मेलेल्यामागची कद्दिश, ती प्रार्थना, म्हणत नाहीत. तेवढे जमलेच नाहीत. कद्दिशविनाच हिला मातीत ठेवली. लेक म्हणाली, “बाबा, नुसते भिंतीकडे बघत बसू नका. मराठी पोरं रविवारी ऑनलाइन जमतात, समाजवादाची पुस्तकं वाचतात. तुम्ही युनियनवाले ना?” म्हणून बसलो.

तर त्या दिवशी पुस्तकात आम्हीच. पहिल्यावहिल्या समाजवाद्यांतले काही म्हणे असं मांडायचे: पैशाची हाव म्हणजे ज्यू. आणि सगळा समाजच हावरा झाला, म्हणजे ख्रिस्तीही ज्यू झाले.

“मनाला लावून घेऊ नका काका,” पोरगा म्हणाला. “इथे ज्यू म्हणजे माणूस नाही. ते रूपक आहे.”

रूपक.

माझा आजा कोकणात तेलाचा घाणा चालवायचा. शनिवार आमचा धर्माच्या विश्रांतीचा वार, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनवार तेली म्हणायचं. ज्यू हा शब्द आमच्या घरात नव्हताच. गावात सावकार होता, तो ना ज्यू ना ख्रिस्ती. त्याच्या ओट्याखाली आजा उभा राहायचा. पुढे मी कापडगिरणीत लागलो, तिथे सूत कातायच्या रिंग खात्यात माझ्या शेजारी नगरकडचा ख्रिस्ती होता. बाप्तिस्मा घेतला तरी पाण्याचा माठ त्याचा वेगळाच. कापूस मात्र दोघांच्या छातीत एकच. संपात लाल झेंडा आम्ही दोघांनी धरलेला.

मी उसळलो. सगळं बोललो. घाणा, गिरणी, हिची माती.

पोरगा शांतपणे म्हणाला, “तर पुढच्या पानावर जाऊया.”

लेक मागून आली. “बाबा, तुम्ही म्यूटवर आहात.”

जीव तोडून बोललेलं सगळं त्या स्वयंपाकघरातच राहिलं.

“जाऊ द्या ना आता,” ती म्हणाली. “चांगला मुलगा आहे तो.”

“मग चांगला आहे तर ऐकेल. आवाज चालू कर.”

केला. या वेळी फार बोललो नाही. “बायको पुरून आलोय. ज्यू होती. या हातानं माती दिली तिला. रूपकाला माती देतात का रे?”

पोरगा म्हणाला, “सॉरी काका. पण संदर्भ बघायला हवा.”

“बघ की. समोर बसलाय.”

लेकीनं लॅपटॉप मिटला. तिला लाज वाटली. वाटू दे.

पुढच्या रविवारी मी पुन्हा बसणार. झेंडा माझाही आहे, तो असल्या वाचणाऱ्यांच्या हाती सोडून उठणार नाही. सावकाराला सावकार म्हणा. मालकाला मालक. त्यांच्या पापाला आमचं नाव द्यायचं नाही. आणि तो ‘य’ मी घालणार नाही. जू असंच लिहीन. मान आमचीच होती त्यात.