फोटोतला शेतकरी

"बाजूला हो म्हटलं, निघून जा नव्हतं म्हटलं," विनोद तिसऱ्यांदा म्हणाला. पडवीत बसून तो पायांचा चिखल धूत होता. पोटरीच्या वर चिखल गेलाच नव्हता, हे हौसाने पाहून ठेवलं.

"पहिल्या वेळेसच ऐकू आलं मला, भावोजी."

सकाळपासून ती खालच्या मळ्यात भात लावत होती. दीर आदल्या संध्याकाळी मुंबईहून आला होता, पण लावणीसाठी नव्हे. शेतकऱ्यांना सरकारकडून मिळणारा त्याचा हप्ता अडकला होता, आणि शेत खरोखर कोण कसतं ते बघायला कृषी खात्याचे साहेब गावात फिरत होते. ते बांधावर दिसताच विनोदने पँट दुमडली, वहिनीचं पावसाचं इरलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं, तिच्या हातातली तरव्याची, भाताच्या रोपांची मूठ काढून घेतली आणि चिखलात उभा राहिला.

"वयनी, जरा बाजूला हो. फोटोत येतेस."

हौसा भर पावसात बांधावर भिजत राहिली. या कोण, असं साहेबांनी विचारलं. घरातल्याच, मदतीला येतात, असं विनोदने सांगितलं.

मदतीला! अठरा पावसाळे तरवा पेरण्यापासून रानडुकरांमागे डबे बडवण्यापर्यंत सगळं तिने केलं होतं. विनोद गणपतीला यायचा आणि शिमग्याला तांदळाचं पोतं घेऊन जायचा.

तिचा नवरा रघू गेला, त्याच्या पंधराव्या दिवशी वारसांची चौकशी करायला तलाठी कचेरीतून माणसं आली होती. नवरा गेलेल्या बाईने महिनाभर पुरुषांपुढे पडवीत यायचं नाही, ही घरची रीत. हौसा चुलीशी चहा गाळत होती. बाहेर विनोद सांगत होता, वारस दोनच, आई आणि मी. तिने ते ऐकलं होतं. घरचंच तर आहे, नाव काय, लागेल पुढे, असं म्हणत तिने लेकीच्या हाती कपबश्या बाहेर पाठवल्या होत्या. त्या चहाचा संताप तिला आज, पाच वर्षांनी आला.

सासू गंगा माजघरातून समजूत घालू लागली. सही करून टाक म्हणाली. शेत दीर कसतात, एवढंच तर उद्या साहेबांना लिहून द्यायचं. हप्ता विनोदकडे आला म्हणजे घरातच आला ना?

"त्या हप्त्यातून खताची एक गोण तरी आली, आये?"

विनोदने पाय पुसले.

"नावाचं काय घेऊन बसलीस? तुझं नाव लागलं म्हणून भात जास्त येणार हाय?"

"नाय. तुमचा फोटो काढूनही येत नाय."

दाराशी आईजवळ उभी असलेली संस्कृती फिसकन हसली. विनोदने पुतणीकडे डोळे वटारले, तशी ती आईला आणखी खेटून उभी राहिली.

हौसाने खुंटीवरचं इरलं काढलं आणि दिराच्या पुढ्यात ठेवलं. तिचा आवाज चढला नव्हता.

"सही मी करणार नाय. उद्या संस्कृतीला घेऊन तलाठ्याकडे जातेय, आम्हा दोघींची नावं लावायला. ती लागेपर्यंत मी मळ्यात उतरणार नाय. उरलेला तरवा फोटोतला शेतकरी लावील."