जित्या सारसाचं पान

पृथ्वीच्या पाठीवरून आजवर जेवढे प्राणी निर्वंश झाले, त्या सगळ्यांचं सुतक माझ्या चुलत सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, एकट्यानं पाळलं. पवनीत त्यांचं किराणा दुकान होतं. सत्तरच्या दशकात कधीतरी पुड्या बांधायच्या रद्दीत त्यांना नामशेष प्राण्यांचं एक सचित्र पुस्तक सापडलं आणि गिऱ्हाइकांचे हाल सुरू झाले. कोणी गूळ मागितला की मामाजी आधी विचारणार, "आपल्या देशात चित्ता होता, मालूम हाये? कुठं गेला?" गिऱ्हाईक बिचारं रस्त्याकडे पाहू लागे. "बाहीर काय पायते? राजेमहाराजे, सायेबलोक, साऱ्याइनं मारला, अन् आपन तमाशा पायला!" तोवर तराजू हवेतच. लोक कंटाळून समोरच्या दुकानात जात. तो दुकानदार दर दिवाळीला मामाजींकडे न चुकता लाडू पाठवी.

मी नवा जावई, त्यात चार बुकं शिकलेला. पहिल्याच जेवणात म्हणालो, "डोडो पक्षी मूर्खपणामुळे संपला म्हणतात. माणूस दिसला की पळायचं सोडून जवळ यायचा." मामाजींचा घास हातातच राहिला. "जवाईबापू, तुमी दारात आले तं आमी पळालो का? पाय धुवाले पानी देल्लं. त्यानंबी तेच केलं. खानाऱ्यानं खाल्लं, अन् मूर्ख कोन? तो!" नवऱ्याचा रंग ओळखून आत्याबाईंनी माझ्यासाठी आणलेली पुरणपोळी तशीच आत नेली. जेवण होईपर्यंत ती काही बाहेर आली नाही.

ज्यांच्यामागे कोणी उरलं नाही, त्यांच्या नावानं सर्वपित्री अमावास्येला एक पान वाढायची त्या घरची रीत होती. मामाजींनी त्यात आधी चित्त्याचं पान घातलं, मग डोडोचं. पुढे मॅमथचं आलं आणि त्याला कढीचे दोन द्रोण लागू लागले. "चित्ता खीर खाईल का, मामाजी?" मी एकदा विचारलं. "मेल्यावर सारेच शाकाहारी," ते म्हणाले.

ऐंशीनंतरच्या एका अमावास्येला त्यांना खूश करायचं माझ्या डोक्यात आलं. ते आंघोळीला गेलेले पाहून मी अंगणात आणखी एक पान मांडलं.

"हे कोनाचं?" ओल्या पंचानं बाहेर येत मामाजींनी विचारलं.

"सारसाचं. कोंढ्याकडं यंदा दिसले नाहीत म्हणतात."

"म्हनतात? मेलेला पायला कोनी? जित्याचं पान वाढलं तुमी!"

तेवढ्यात कौलांवरून एक कावळा नेमका त्याच पानाकडे झेपावला. तो शिवला असता तर सारस मेल्याचा शिक्काच बसला असता. मामाजी पंचा सोडून, म्हणजे हातात घेऊन, त्याच्यामागे धावले. पितृपक्षात कावळ्याला हुसकावणारा यजमान मी तो एकच पाहिला. आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले.

मग उपाशीपोटीच मला घेऊन ते कोंढ्याच्या बसमध्ये बसले. तळ्याखालच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, एक शेतकरी धानात पाणी सोडत होता.

"सारस हायेत का, भाऊ?"

"एक हाय न जी. दोन होते. धान लय तुडवत. दुसऱ्याले मारलं कोनीतरी."

"कोनीतरी म्हंजे कोन?"

"आता कोनाचं नाव घेवाचं?"

"हेच!" मामाजी माझ्यावर कडाडले, जणू सारसाला मारणारी काठी माझ्याच हातात होती. "चित्त्यालेबी कोनीतरीच मारला! डोडोलेबी कोनीतरीच! या कोनीतरीचा काहून नाही होत निर्वंश?"

शेतकरी खाली वाकून पुन्हा पाण्याची वाट मोकळी करू लागला. आणि धानापलीकडे लाल मानेचा तो उंच पक्षी दिसला. त्यानं चोच आभाळाकडे करून हाक दिली. सारसाच्या हाकेला जोडीदार लगोलग उत्तर देतो. तो थांबला. पुन्हा हाक दिली.

मामाजींचा सगळा संताप कुठे गेला कोण जाणे. त्यांनी टोपी काढली, घसा खाकरला आणि उत्तर दिलं. अगदी वाईट दिलं. सारसानं आमच्याकडे मान वळवून पाहिलं आणि तो धानातून दूर चालू लागला.

"आयकलं त्यानं," मामाजी म्हणाले.

"हो मामाजी," मी म्हणालो, "ऐकलं."