जिमीच्या बाकावरचे सर

रिकामा बाक दिसला की ज्याच्या जिवाची तगमग होते, असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा, आणि ते आहेत माझ्या मावसबहिणीचे सासरे. यवतमाळकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी केली. निवृत्त झाले, पण हजेरी घेणं सुटलं नाही. तीन महिन्यांच्या व्हिसावर आयर्लंडमधल्या ड्रोहेडाला मुलाकडे आले, तर जेवणाच्या टेबलावरही आधी हजेरी, मग वरणभात. नातू इकडच्या पोरांसारखा, 'मी मजेत' अशा अर्थानं म्हणायचा, "आयॅम ग्रँड, आजोबा." हे म्हणायचे, "ग्रँड नाही, हजर म्हण." ब्लँचर्डस्टाउनच्या बसमध्ये मागच्या सहा सीट रिकाम्या दिसल्या, तर उतरताना ड्रायव्हरला काळजीनं विचारलं, "आज एवढे लोक का नाही आले?"

नातवाच्या शाळेत ट्रॅव्हलर समाजाची काही मुलं होती. ट्रॅव्हलर म्हणजे याच देशातले, पिढ्यानपिढ्या फिरस्ते राहिलेले लोक. त्यांचे मुलगे शाळेत टिकत नाहीत म्हणून शाळेनं पहिल्या तासाआधी गरम नाश्ता सुरू केला होता आणि घरच्या आजोबांनाही बोलावलं होतं. सर पहिल्याच सकाळी गेले. शाळेनं रीतसर चारित्र्याचा दाखला मागितला. आयुष्यभर दुसऱ्यांना दाखले देणारा माणूस भडकणार, असं आम्हाला वाटलं. ते खूशच झाले. "शाळा शिस्तीची आहे!" घरी येऊन मला म्हणाले, "माह्या शाळेतही पालावरचे पोट्टे होते. शाळेनं त्यांले बाहेरचं समजलं, का ते बाहेरच राह्यते." दाखला मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी माकडटोपी घालून त्यांनी पोरांना पावसात कबड्डी शिकवली. चौदा वर्षांचा जिमी सगळ्यांत तरबेज. दम सुटला तरी तो "कबड्डी" म्हणायचा थांबत नसे.

मग वर्गातल्या कुणीतरी जिमीला तो ट्रॅव्हलर आहे म्हणून घाण शिवी दिली. जिमी यायचा बंद झाला. शाळेनं फोन केले, पत्र पाठवलं, शिवी देणाऱ्याची कानउघाडणी केली. सरांनी काय करावं? ते सोमवारी सकाळी वर्गात जाऊन जिमीच्या बाकावर बसले. "जागा रिकामी राह्यली का दुसरा बसते," असं त्यांनी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. बाई हसल्या, आणि तीच सरांनी परवानगी समजली.

तीन दिवस ते सगळे तास बसले. भूगोलात किनाऱ्यावरच्या षटकोनी काळ्या दगडी खांबांचं कौतुक चाललं होतं, तर यांनी हात वर करून सांगितलं की आमच्या जिल्ह्यातही तसलेच निघाले आहेत, फक्त तिकीट लावायचं राहिलं. सुतारकामात तीन पायांचं स्टूल केलं. चार पायांचं करायचं होतं. विज्ञानाचा गृहपाठ केला नाही म्हणून बोलणी बसली, ती उभं राहून खाली मानेनं ऐकली. आणि शिवी देणाऱ्या, शेजारच्या बाकावरच्या मुलाला रोज सकाळी सांगितलं, "मी फक्त जागा राखून राह्यलो. हे जिमीची आहे." तिसऱ्या दिवशी तो मुलगाच कावून म्हणाला, "मी जाऊन त्याला सॉरी म्हणतो, पण तुम्ही उठा."

तो खरंच गेला. गुरुवारी जिमी दारात उभा, भिजलेला, कपाळाला आठ्या.

"ती माझी जागा आहे."

"नाव?"

"तुम्हाला माहितीये माझं नाव."

"हजेरीत माहीत नसते. नाव?"

"जिमी. हजर."

सर उठले आणि तीन दिवसांच्या टिपणांची वही त्याच्या हातात दिली. जिमीनं ती उलटसुलट करून पाहिली. "हे वाचायचं कसं?" सगळी मराठीत होती.

"मी इंग्रजीत वाचून दाखवतो ना. एका दिवसात नाही होत पण. उद्या यावं लागते." जिमी उद्या आला. परवाही आला. तीन दिवसांचा अभ्यास वाचून संपायला सरांनी पाच आठवडे लावले. पोरगा तोवर एकदाही चुकला नाही.

व्हिसा संपला. बुधवारी सकाळी मी सरांना डब्लिन विमानतळावर सोडायला गेलो, तर दरवाज्यापाशी जिमी आणि त्याचे वडील. सर लालेलाल झाले. "आज बुधवार! शाळा बुडवून आला?"

जिमीनं खिशातून घडी केलेला कागद काढला. अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज, स्वतःच्या हातानं लिहिलेला, खाली बाईंची सही. चारच ओळी होत्या. सरांनी चष्मा लावला आणि वाचायला घेतल्या. मागची माणसं आम्हाला वळसा घालून पुढे गेली, मी दोनदा घड्याळ दाखवलं, तरी त्यांचं वाचून काही होईना.