मामींच्या बाहुल्यांचे कागद

नुंगंबाक्कमच्या ऑफिसात मी जाहिरातींची मांडणी करतो, आणि आपल्याला या कामातलं बरंच कळतं अशी माझी समजूत होती. आमच्या घरमालकीणबाईंनी, मामींनी, ती खोटी ठरवली.

मामी तंजावरकडच्या मराठी. वय पंच्याऐंशीच्या पुढे, दोन्ही डोळ्यांना अंधुक दिसतं. तरी नवरात्रातला गोलू, म्हणजे पायऱ्यांवर मांडायच्या मातीच्या बाहुल्या, त्या एकट्या मांडत. "आता पुरे कर," असं मुलगी दरवर्षी फोनवर सांगे. मामी कसल्या ऐकताहेत!

दोन वर्षांपूर्वी गोलू उतरवल्यावर ट्रंक उचलायला त्यांनी मला बोलावलं. बाहुल्या गुंडाळलेले कागद बघून मी खालीच बसलो. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या मासिकांमधली जाहिरातींची पानं! मामींचे यजमान छापखान्यात होते. तिथे नमुन्याला येणारी मासिकं जुनी झाली की ते घरी आणत. पिवळ्याधमक पानावर एकच काळा बूट. पांढऱ्यावर मोठा तांबडा गोळा आणि कोपऱ्यात घड्याळाचं बारीक नाव. निळ्यावर कॉफीचा कप, बाकी सगळं पान मोकळं. आमच्या गिऱ्हाईकानं तेवढ्या जागेत तीन फोटो आणि एक सवलत कोंबली असती.

मामी दुपारच्या आडव्या झाल्या होत्या. मी शहाण्यानं सगळ्या बाहुल्या मऊ पांढऱ्या कागदात गुंडाळल्या आणि ती पानं जपायला म्हणून वर माझ्या खोलीत नेली. त्यांना विचारायचं मला सुचलंही नाही.

गेल्या नवरात्रात त्यांची हाक आली. उघड्या ट्रंकेसमोर त्या पाटावर बसल्या होत्या, पुढ्यात सारखीच पांढरी गाठोडी.

"अय्यो, सगळं एकच दिसतें रे. कुठली बोम्मै कशात, मला कसं कळावं?" मग हळूच म्हणाल्या, "लेक म्हणते तेंच खरं. माझ्यानं आता होत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामी बाहुल्या कागदांवरच्या त्या मोठ्या रंगा-आकारांवरून ओळखत होत्या. कुठली कशात, ते यजमानांनीच ठरवून दिलं होतं. धावत जाऊन मी पानं आणली. एकेक पान खिडकीशी धरून त्या सांगत गेल्या: बुटात चेट्टियार वाणी, गोळ्यात कृष्ण, कपात राजाराणी. मी त्याप्रमाणे गुंडाळत गेलो आणि मग त्यांनी तीच गाठोडी सोडून गोलू मांडला. बघणाऱ्याला आम्ही दोघं खुळेच वाटलो असतो.

गोलूत दरवर्षी निदान एक नवी बाहुली लागते. भरपाई म्हणून मी भाजीवाली आणली. "हिला कागद?" मामींनी विचारलं. दोन संध्याकाळी खपून मी नाजूक वेलबुट्टी काढली. त्यांनी ती खिडकीशी धरली. "ह्यांत काय आहे?" मग मी सगळं पान हिरवं केलं आणि मधे एकच मोठं पांढरं वांगं ठेवलं.

"वांगं," मामी लगेच म्हणाल्या. "भाजीवाली."

आजवर कुठल्याही साहेबाच्या शाबासकीनं मला इतकं बरं वाटलेलं नाही. ती पानं आखणारे कुठले कोण, मला ठाऊक नाही. पण त्यांचे आणि मामींच्या यजमानांचे मी मनापासून आभार मानतो.

यंदा ट्रंक उघडल्यावर मी नुसता दाराशी उभा राहिलो. मामींनी पहिल्यांदा हिरवं गाठोडं उचललं. गोलू मांडून झाल्यावर त्यांनी मुलीला फोन लावला आणि म्हणाल्या, "सगळं मीच मांडलें."