झेल मॅडम

आमच्या हिला कुठलीही वस्तू पडताना बघवत नाही. टेबलावरून कप निसटला तर तो जमिनीपर्यंत पोचत नाही, मध्येच हिचा हात येतो. दुसऱ्यांचे नवरे कप फुटल्यावर बोलणी खातात, मी न फुटताच खातो. एकदा दवाखान्याच्या जिन्यात पुढच्या बाईच्या कडेवरून पोर कलंडलं. हिने हातातली पिशवी सोडून पोर धरलं. पोर वाचलं, माझ्या खोकल्याच्या औषधाची बाटली गेली. पुढे आठवडाभर मी खोकलो की हीच म्हणायची, आता किती ढोंग कराल.

ही जिम्नॅस्टिक्सची कोच आहे आणि मी सोफ्या-खुर्च्यांना कापड चढवतो. तिच्या हॉलमधल्या मॅट उसवल्या होत्या, त्या शिवायला मला बोलावलं होतं. माझी शिवण बघून हिने पहिलंच वाक्य टाकलं, टाके सैल आहेत. ते सैल नव्हते. पण वाद घालायला रोज जावं लागलं आणि त्यातच आमचं जमलं.

हॉल उंच आहे. मुली हाताला पांढरी पावडर चोळतात, ती सगळीकडे उडते आणि घरी आल्यावर हिच्या केसांतून, भुवयांतून निघते. मधोमध दोन बार आहेत, एक वर आणि एक खाली. मुलगी वरच्या बारवर झोके घेते, बार सोडते, हवेत कोलांटी मारते आणि परत तोच बार पकडते. सांगायला एवढंच. त्या वेळी कोचला बाराजवळ उभं राहता येतं, पण स्पर्धेत मुलीला हात लागला की मार्क कापतात आणि ती उडी केलीच नाही असं धरतात. त्यामुळे बहुतेक कोच हात वर करून उभे राहतात आणि लावत मात्र नाहीत.

हिचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. शाळकरी वयात स्पर्धेत वरच्या बारवरून ती पडली, तेव्हा तिचे सर शेजारीच उभे होते. मुलीला कधी हात लावला नाही, याचा त्यांना फार अभिमान. मी त्या माणसाला शिव्या घातल्या की ही मला गप्प करते. त्यांनी नियम पाळला, म्हणते. पण स्वतः कोच झाल्यावर ती बाराखालची जागा सोडायला तयार नसायची आणि सरावात शंभरदा मुलींना झेलायची. तिला झेल मॅडम हे नाव मुलींनीच ठेवलं, तेही लाडाने.

त्या मुलींत एक चिमणी होती. एका जागी टिकायची नाही म्हणून चिमणी. बाप डिलिव्हरीची व्हॅन चालवायचा आणि पोरीला रोज सामानाच्या खोक्यांत बसवून हॉलवर सोडायचा. पोर बारवर चढली की तिचं वजन कुठे जायचं कोण जाणे. ज्युनिअर संघाच्या शिबिरात तिची निवड होणार हे सगळे धरून चालले होते. हीसुद्धा. हिने मला सांगितलं नव्हतं, पण भाजीत दोनदा मीठ पडलं की मी समजतो.

निवड स्पर्धेच्या दिवशी चिमणीने झोके घेतले, बार सोडला, हवेत फिरली आणि तेवढ्यात हिने पुढे सरकून तिच्या पाठीला हात लावला. चिमणी अलगद मॅटवर उतरली. हॉलमधून एकच 'अरेरे' निघालं. मार्क कापले, उडी बाद झाली, आणि शिबिरातली जागा दुसऱ्या क्लबच्या मुलीला गेली.

मग सुरू झाली बोलणी. चिमणीच्या बापाने मोबाइलवर सगळं टिपलं होतं. ते चित्रण थांबवून थांबवून तो ज्याला त्याला दाखवायचा, हे बघा, हात बारपासून वीतभर, धरलाच असता. निवड समितीतल्या गृहस्थांनी हिला सगळ्यांसमोर ऐकवलं की तुमचा मुलीवर विश्वास नाही. झेल मॅडम हे नाव आता इतर कोच तोंड वाकडं करून घ्यायला लागले. माझं डोकंच फिरलं. मुलगी पडली असती तर हीच लोकं म्हणाली असती, कोच काय झोपली होती का? आता मुलगी धडधाकट, म्हणून कोच गुन्हेगार. न झालेल्या अपघाताचा पुरावा माणसाने आणायचा कुठून?

चिमणी हॉलवर यायची बंद झाली. आणि एक दिवस नाश्त्याच्या वेळी हिने मला विचारलं, "अहो, खरं सांगा. धरला असता ना तिने बार?"

मी ते चित्रण पाहिलं होतं. मलाही वाटत होतं की धरला असता. मी म्हटलं, चहा गार होतोय.

त्यानंतर ही बाराखाली हात पाठीमागे बांधून उभी राहायला लागली. छोट्या मुली बार सोडायलाच घाबरायच्या. पुढच्या महिन्यापासून बार दुसऱ्या कोचकडे देते आणि मी लहानग्यांना कोलांट्या शिकवते, असं तिने ठरवून टाकलं. ज्या बाईला मी इतकी वर्षं ओळखतो तिला आपल्या हातांचीच लाज वाटायला लागली होती. याचं मला जे दुःख झालं ते कुणाला सांगताही येईना. गिऱ्हाइकांना तर नाहीच. मध्यंतरी टीव्हीवर एक मोठी जिम्नॅस्ट भर स्पर्धेत थांबली, हवेत आपण कुठे आहोत ते कळत नाही म्हणाली, तेव्हा माझ्या दुकानात तिला भित्री ठरवणाऱ्यांना सोफ्यावरून उठायला माझ्या खांद्याचा टेकू लागत होता.

पुढचा महिना उजाडायच्या आत चिमणी माझ्या दुकानात आली. स्प्रिंगा बाहेर आलेल्या खुर्चीच्या कडेला बसली आणि मॅडम रागावल्यात का म्हणून विचारायला लागली. मी सुतळी तोडत म्हटलं, रागवायचं काम तुमच्याकडे, आमच्याकडे फक्त ऐकून घ्यायचं. पोरीचा चेहरा एवढासा झाला. मग मलाच कसंतरी झालं. दुकानाचं दार ओढून घेतलं आणि तिला हॉलवर नेलं.

ही मॅट गुंडाळत होती. चिमणी तिच्यासमोर उभी राहिली.

"मॅडम, मी बार धरला नसता," ती म्हणाली. "मला बार दिसतच नव्हता. वर काय, खाली काय, काहीच कळत नव्हतं. तुमचा हात पाठीला लागला तेव्हा कळलं जमीन कुठे आहे ते."

हिने मॅट खाली ठेवली. हे कधीपासून होतंय, विचारलं. स्पर्धेच्या बऱ्याच आधीपासून, कधी होतं आणि कधी होत नाही, असं चिमणीने सांगितलं.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही मला क्लबच्या संघातून काढलं असतं."

मी हिची बाजू घ्यायला तोंड उघडलं. माझी बायको असं कधी करणार नाही, एवढं म्हणायचं होतं. पण ही माझ्या आधी बोलली.

"हो," ती म्हणाली. "काढलं असतं."

आणि ती तिथेच मॅटवर बसली. आपण मुलींना पडू देत नाही याचा तिला अभिमान होता, आणि मुली आपल्यापासून काय लपवतात हे तिला ठाऊक नव्हतं. चिमणी तिच्या शेजारी बसली. मी पंख्याकडे बघत उभा राहिलो.

बार दुसऱ्या कोचकडे द्यायचं राहूनच गेलं आणि त्या दिवसापासून हॉलमध्ये नवीन पद्धत आली. बारवर चढण्याआधी मुलीला वाटलं तर तिने 'आज नाही' म्हणायचं. कुणी कारण विचारायचं नाही आणि संघातून कुणाला काढायचं नाही. त्या दिवशी ती सोपं काहीतरी करणार. जिम्नॅस्टिक्स संघटनेचे एक पदाधिकारी म्हणाले, हा हॉल आहे की हॉटेल, इथे पोरी ऑर्डर देतात! हिने त्यांना पाणी विचारलं आणि काम चालू ठेवलं.

चिमणीला तिने अगदी सुरुवातीपासून घेतलं. नुसते झोके, आणि मग फोमने भरलेल्या खड्ड्यात सुटून पडणं. त्यातला निम्मा फोम माझ्या गिऱ्हाइकांच्या जुन्या सोफ्यांतला होता. आठवडेच्या आठवडे पोर 'आज नाही' म्हणायची. पोरीला नवीन निमित्त सापडलंय, असं मला वाटायला लागलं होतं. हिला तसं कधी वाटलं नाही. बापाला चिमणीने सगळं सांगितलं असावं, कारण तो व्हॅनमधून फोमची पोती पोचवायला लागला. माफी त्याने मागितली नाही, पण पोती स्वतः वाहून आणायचा आणि आपणच खड्ड्यात ओतायचा. हळूहळू 'आज नाही' कमी झालं. तरी अधूनमधून यायचंच, आणि ते आलं की हिला बरं वाटायचं. खोटं बोलत नाहीये पोर, म्हणायची.

पुढच्या निवड स्पर्धेला मी कठड्याला लागूनच बसलो होतो. ही नेहमीसारखी बाराखाली जाऊन उभी राहिली. चिमणी हाताला पावडर चोळत तिच्याजवळ गेली.

"मॅडम, आज मला सगळं कळतंय," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

ही तिच्याकडे बघत राहिली. इतका वेळ की पंचांनी मान वर केली. मग ती वळली, माझ्यापुढच्या बाकाच्या टोकाला येऊन बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

सगळा हॉल चिमणीकडे बघत होता, मी हिच्याकडे. बाकावर बसलेली ही मी याआधी पाहिलीच नव्हती. चिमणीने बार सोडल्याचं मला हिच्याच तोंडावरून कळलं. हिचा एक हात अर्धा बाहेर आला. तिने तो परत मांडीखाली दाबला. मग बारवर दोन तळवे आपटल्याचा आवाज झाला, बार थरथरला आणि लोक टाळ्या वाजवायला लागले.

चिमणीची शिबिरासाठी राखीव म्हणून निवड झाली. बाप लहान मुलासारखा नाचत होता आणि चिमणी त्याला आवरत होती. ही मात्र बाकावरून हललीच नाही. मी मागून वाकून विचारलं, रडतेस का.

"नाही हो," ती म्हणाली. "पाय लटपटतायत. जरा हात द्या."

इतक्या वर्षांच्या संसारात हिने माझ्याकडे पहिल्यांदाच आधार मागितला होता. मी कठडा ओलांडून गेलो आणि दोन्ही हात दिले.