झाडावरची मुलं

आखातातल्या आमच्या शाळेत नाताळची सुट्टी इतकी थोडी, की घरी जाऊन येणं होत नाही. म्हणून आम्ही परदेशी शिक्षक स्टाफरूममध्येच सण करतो. यंदा फिलिपिन्सच्या रोझीने ख्रिसमसच्या झाडावर लाल दोऱ्याने लेकीचा फोटो बांधला. मग सगळ्यांनीच आपापली मुलं लावली. मी सांगलीला राहिलेल्या चिन्मयला.

संचालक म्हणाले, "छान आहे. पालकांना दिसेल असं दारात ठेवा."

संध्याकाळी आमचे फोटो रबरबँड लावून परत आले. झाडावर शाळेची बोधचिन्हं होती, शेजारी पाटी: 'आमचं कुटुंब'.

कुणाचं कुटुंब? दुसऱ्यांची मुलं घडवायला आम्ही आमची मागे ठेवून आलो, आणि त्यांना इथे वीतभर फांदी मिळू नये?

रोझीने फांदीवर राहिलेला आपला लाल दोरा तेवढा सोडवून घेतला.