खिंडीतला दुसरा सूर्य

पारस गेल्याची बातमी निम्म्या चाळीसगावाला माझ्याच तोंडून कळली, आणि यात मी काहीही वाढवून सांगत नाही. माझा धंदा मांडव आणि लाउडस्पीकरचा. दुकान धुळ्यात, पण लग्नसराईत सारा खानदेश माझाच. त्या सकाळी चाळीसगावच्या एका मांडवात एका हातात माइक धरून आवाज तपासत होतो, तेवढ्यात दुसऱ्या हातातला फोन वाजला. चोपड्याहून नेहा होती, पारसची मुलगी. "काका, पप्पा गेले," एवढंच म्हणाली. मी म्हणालो, "पारस गेला? खोटं." माइक चालूच होता. तो शब्द मांडवावरून, आचाऱ्याच्या चुलीवरून, शेजारच्या गल्लीवरून फिरून परत माझ्याच कानात आला. अंगाला हळद लागलेली नवरी वळून बघायला लागली... जन्मभर लोक मला खोटं म्हणत आले आणि पारस हा एकटा माणूस खरं म्हणत आला. त्या दिवशी पहिल्यांदा मी दुसऱ्याला खोटं म्हणालो, आणि नेमकं तेच खरं निघालं.

आमची गाठ पडली जळगावच्या कॉलेजात, होस्टेलच्या एका खोलीत. तो चोपड्याच्या मारवाडी जैन घरातला, पाणी गाळून पिणारा, मुंगीला वळसा घालून जाणारा. मी असा, की मुंगी दिसली तर संध्याकाळपर्यंत तिचा हत्ती करून गावभर फिरवणार. एकदा आम्ही दोघं उशिरा परतलो. मी रेक्टरना सांगितलं की रस्त्यात केळीचा ट्रक उलटला, अडीचशे माणसं अडकली, एका बाईचं बाळंतपण ट्रकच्या सावलीत झालं आणि बाळाचं नाव ठेवूनच आम्ही निघालो. रेक्टरनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पारसला विचारलं. त्याने खाली बघत, वडिलांच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या अहिराणी बोलीत, दोनच शब्द उच्चारले. "खरं शे." झालं, सुटलो. खोलीत आल्यावर मी विचारलं, शेठ, तू तर खोटं बोलत नाहीस ना? तर म्हणाला, "केळी खरी होती. भोंग्या, तुझ्या शंभर शब्दांत एखादा खरा असतो. मी तेवढ्यालाच खरं म्हणतो."

तेव्हापासून मी भोंगा आणि तो माझा साक्षीदार. पुढे तो चोपड्यात वडिलांच्या पाइप-फिटिंगच्या दुकानात बसला, केळीच्या बागांना पाणी पोचवण्यात त्याची उमर गेली. मी भोंगे वाजवत राहिलो. पण थंडी पडली की महिन्यातून एक शनिवार-रविवार आमचा. मी धुळ्याहून निघायचो, अमळनेरवरून चोपडा गाठायचो, आणि तिथून दोन मोटरसायकली सातपुड्याकडे वळायच्या. मोठा रस्ता आम्हाला वर्ज्य. कापसाच्या शेतांमधून, ओढ्यांच्या फरशी-पुलांवरून, डोंगराच्या अंगाने आडवाटेनं जायचं. ती वळणं अशी की पुढच्या चाकाला मागचं चाक समोरून येताना दिसावं. माझी जुनी टू-स्ट्रोक एवढा धूर सोडायची की ज्या गावातून गेलो, त्या गावाला आठवडाभर मच्छर चावायचे नाहीत. पारस मागून यायचा, अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून. कॅरिअरवर स्टीलचा डबा, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळून बांधलेला. डबा हलला तर पट्टी सोडून पुन्हा बांधणार, मग निघणार. माझा निम्मा जन्म त्याची वाट बघण्यात गेला.

मुक्काम तिथल्याच पाड्यावरच्या नारसिंगभाऊ पावरांच्या केबिनमध्ये. केबिन म्हणजे सागाच्या फळ्यांची एक खोली, वर पत्रा, आत दोन खाटा, बाहेर शेकोटीचे तीन दगड. नारसिंगभाऊंनी ती पाहुण्यांसाठी म्हणून बांधली आणि आम्ही सोडून तिथे पाहुणे असे कुणी आलेच नाहीत. फळ्यांच्या फटींतून वारा असा यायचा की एका बाजूने घुसून, दोघांची विचारपूस करून दुसऱ्या बाजूने निघून जायचा. जागा सुंदर, पण एक भानगड होती. केबिन होती खोलगट भागात आणि पश्चिमेला उभा डोंगर. बाकी जगात चांगलं ऊन असायचं, तेव्हा आमच्याकडे सूर्य डोंगराआड गेलेला. आणि पारसचा नेम असा की सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही.

पहिल्याच खेपेला घोळ झाला. पोचलो, हातपाय धुतले, आणि सूर्य गेला. मी म्हणालो, अरे शेठ, तो मावळला नाही, नुसता पलीकडे गेलाय, खाऊन घे. तो म्हणाला, "दिसत नाही ना?" मी म्हणालो, नाही दिसत. "मग जिथे दिसतो तिथे जाऊन खातो." आणि हा शांत माणूस, जो वळणावर बैलगाडीलाही आधी जाऊ द्यायचा, त्याने डबा कॅरिअरला बांधला, किक मारली आणि डोंगराच्या त्या वळणांवरून असा सुटला की मी धूर खात त्याच्या मागे. वर खिंडीत पोचलो, तर समोर सूर्य. पूर्ण, गोल, जमिनीपासून चांगला हातभर वर, आणि खाली तापीपर्यंतचं सगळं रान पिवळं झालेलं. पारसने गाडी उभी केली, सीटवर डबा उघडला आणि सूर्याकडे तोंड करून जेवला. जेवण झालं, पाणी प्यायला, आणि मग तो सूर्य आमच्या डोळ्यांदेखत दुसऱ्यांदा मावळला. पुढे दर खेपेला हेच. खाली एकदा मावळू द्यायचा आणि वर जाऊन पुन्हा गाठायचा.

आता गंमत बघा. मी आयुष्यात बिबट्यासोबत विडी ओढल्याच्या गोष्टी सांगितल्या, लोकांनी चवीने ऐकल्या. पण ही एक गोष्ट, जिच्यात माझं पदरचं काही नाही, तिच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एका दिवसात सूर्य दोनदा मावळतो म्हणे. पारसच्या घरी तर तो कायमचा विनोद झाला. नेहा लहान असताना मी पोचलो की विचारायची, "काका, आज किती सूर्य?" पारस पानातून मान वर न करता म्हणायचा, खरं शे. आणि त्या दोघीही, ती आणि तिची आई, आणखी हसायच्या.

मग त्याचं पोट बिघडलं, आणि ते बिघडणं साधं नाही हे कळेपर्यंत उशीर झाला होता. नेहा पुण्याची नोकरी टाकून घरी येऊन बसली. त्या घरात तेव्हा एकच विषय, पप्पांनी काही खाल्लं का. डाळीचं पाणी, मुगाचं कढण, दुधात कुस्करलेली दशमी... तो वाटी तोंडापर्यंत न्यायचा आणि खाली ठेवायचा. नेहा चमचा धरून तासन्‌तास बसायची. एकदा मी गेलो तर ती स्वयंपाकघरात तोंड फिरवून उभी होती. म्हणाली, काका, मला येतं ते सगळं करून झालं, माझ्या हातचा एक घास उतरत नाही त्यांना.

त्याच दिवशी पारस म्हणाला, केबिनवर जाऊ. डॉक्टर काय म्हणाले, मी विचारलं. म्हणाला, त्यांना कशाला विचारायचं, ते थोडेच येणार आहेत. नेहा चिडली, रडली, शेवटी म्हणाली, कारने तरी जा. तो ऐकेना. मग तिने दशम्या केल्या, दुधात कणीक मळून, मऊ, वर तूप आणि गूळ, आणि डबा माझ्या हातात देताना पारसला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "एक तुकडा खाल्ला तरी मला फोन करा." तिथे फोन लागत नाही हे तिला सांगायचं मला धाडस झालं नाही.

डबा त्याच्याच पट्टीने माझ्या गाडीच्या कॅरिअरला बांधला आणि त्याला मागे बसवलं. वजन असं की गाडीला कळलंच नाही कुणी बसलंय. थोडं गेल्यावर गाडी थांबवायला लावून त्याने कॅरिअरची ट्यूबची पट्टी सोडली, डबा मांडीवर घेतला आणि ती पट्टी स्वतःच्या आणि माझ्या कमरेभोवती बांधली. म्हणाला, आता डबा मी धरतो, तू मला धर. मी पहिल्यांदाच एवढी हळू गाडी चालवली. म्हशी आम्हाला ओलांडून गेल्या. केबिनवर पोचलो तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. मी म्हणालो, शेठ, आज राहू दे, खाटेवर पड. तर पट्टी न सोडता म्हणाला, "वर चल. भूक लागली."

किती दिवसांनी हा शब्द त्याच्या तोंडून निघाला होता कोण जाणे. मी वर नेला. सूर्य होता. त्याने सीटला टेकून डबा उघडला, दशमीचा तुकडा मोडला, चावला, गिळला. मी दुसरीकडे बघत उभा राहिलो, नजर लागू नये म्हणून. एक संपली. त्याने दुसरी घेतली. दोन दशम्या, गूळ-तुपासकट, मग झाकणाला लागलेलं तूप बोटाने पुसून घेतलं. वर पाणी प्यायला. म्हणाला, "पोरीला दशमी जमली हं. आईसारखीच." सूर्य गेला आणि आम्ही इंजिन बंद ठेवून उतारावरून खाली आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चोपड्यात रिकामा डबा नेहाच्या हातात दिला आणि सांगितलं, दोन दशम्या खाल्ल्या. ती पारसकडे बघून म्हणाली, हो? तो म्हणाला, खरं शे. ती हसली, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत गेलं नाही. त्यानंतर त्याने घरात पुन्हा काही खाल्लं नाही असंच म्हणायला हवं. थोड्याच दिवसांत चाळीसगावच्या मांडवातला तो फोन.

उठावण्याला, म्हणजे शोकबैठकीला, सगळं गाव पांढऱ्या कपड्यांत बसलेलं. मला काही बोला म्हणाले. मी खिंडीतली गोष्ट सांगितली, दोन सूर्य, दोन दशम्या. लोक प्रेमाने हसले, भोंगा दुःखातही भोंगाच. सवयीने मी साक्षीसाठी उजवीकडे वळलो... तिथे गादीवर त्याचा फोटो. लोक उठल्यावर नेहा जवळ आली. म्हणाली, "काका, आता खरं सांगा. डबा कुत्र्याला घातलात ना? मला बरं वाटावं म्हणून." मी शपथ घेतली. माझ्या शपथेला काय किंमत, तिला माहीत होतं. मग मी तिला केळीच्या ट्रकची हकिगत सांगितली, की तुझे पप्पा फक्त खऱ्यालाच खरं म्हणायचे. ती म्हणाली, "डबा रिकामा होता, तेवढं खरंच होतं की. त्यालाच म्हणाले असतील."

जन्मभर उधळलेले शब्द एका बाजूला आणि ज्या दोन दशम्यांसाठी मला एकदा विश्वास हवा होता, त्या एका बाजूला. तिला आयुष्यभर वाटत राहणार होतं की बाप तिच्या हातचं न खाता गेला. आणि तो खाऊन गेला होता. मी पाहिलं होतं. पण मी पाहिलं म्हणजे कुणीच पाहिलं नव्हतं.

गेल्या रविवारी मी न सांगता चोपड्याला गेलो आणि नेहाला म्हणालो, दशम्या कर आणि मागे बस. तिने वाद घातला नाही. डबा त्याच पट्टीने कॅरिअरला बांधला. मी बांधलेला तिला पसंत पडला नाही, पट्टी सोडून तिने पुन्हा बांधला. केबिनवर नारसिंगभाऊ होते, त्यांनी तिला पाहून नुसते हात जोडले. सूर्य डोंगराआड गेला, सावली आली, गारठा चढला. नेहा म्हणाली, झाला की अस्त. मी म्हणालो, बस. आणि वळणं चढायला लागलो.

खिंडीत पोचलो तर तो होता. पूर्ण, गोल, हातभर वर. तिच्या तोंडावर ऊन पडलं आणि ती तशीच उभी राहिली. मग तिने विचारलं, पप्पा कुठे उभे होते? मी जागा दाखवली. ती तिथे जाऊन उभी राहिली, सीटवर डबा उघडला. घरात सूर्याचा नेम न पाळणारी, रात्री दहाला जेवणारी ती एकटीच. खाताना ती रडत होती आणि रडताना चावत होती. एकही तुकडा तिने खाली पडू दिला नाही. झाकणाला लागलेलं तूपही बोटाने पुसून घेतलं... आणि हे मी तिला सांगितलेलं नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. भाभी, नेहाची आई, ओट्यावर बसलेल्या. त्या सहसा काही विचारत नाहीत. त्या दिवशी डब्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "सच्ची खाल्लं होतं का गं त्यांनी?" माझं तोंड सवयीने उघडलं होतं. मी ते मिटलं. नेहाने डबा त्यांच्या मांडीवर ठेवला आणि खाली बघत, बापाच्याच सुरात, घरात कधी न बोललेल्या त्या बोलीत म्हणाली,

"खरं शे."

ट्यूबची पट्टी तिने मला परत दिली नाही. मीही मागितली नाही. धुळ्याला परत येताना कॅरिअर रिकामं होतं, आणि तरी प्रत्येक वळणावर वेग कमी करून मी मागे बघत होतो, काही हललं तर नाही ना म्हणून.